तरंगणं वेगळं, पार होणं वेगळं: एका आठचाकी उभयचर गाडीची चिकित्सा

मागच्या रविवारी माझ्या मावसभावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. आठ चाकांची चिलखती गाडी धुरळा उडवत येते, सरळ नदीत घुसते, नाकासमोर पाणी उसळतं, आणि मिनिटाभरात ती पलीकडच्या काठावर. खाली त्याचा प्रश्न: "ताई, तू पाण्यावरच पीएचडी करतेस ना? मग सांग, एवढं लोखंड बुडत कसं नाही?"

मी घाईत "आर्किमिडीज" एवढंच लिहिलं. लगेच अंगठा आला आणि विषय संपला.

पण नंतर दिवसभर चुटपुट लागून राहिली, कारण उत्तर बरोबर असलं तरी अर्धवट होतं. हा मुलगा पारनेरजवळच्या गावात राहतो, रोज पहाटे भरतीसाठी पळतो आणि त्याला मेकॅनाइज्ड इन्फंट्रीत जायचंय. त्या रेजिमेंटचं केंद्र त्याच्याच जिल्ह्यात, अहिल्यानगरला आहे. म्हणजे उद्या अशा एखाद्या गाडीच्या पोटात तो खरोखर बसलेला असू शकतो. अशा माणसाला एका शब्दात वाटेला लावणं बरं नाही. म्हणून हा लेख. माझं संशोधन पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकणाऱ्या बोजड, पेटीसारख्या वस्तूंना होणाऱ्या विरोधावर आहे, त्यामुळे विषय माझ्या लॅबपासून फार लांबही नाही.

गाडी कोणती?

उदाहरण म्हणून सोव्हिएत बनावटीची बीटीआर-८० घेते. चाकांवरची, पाण्यात उतरणारी सैनिकवाहू गाडी म्हटलं की जगभर हीच डोळ्यांसमोर येते. तिची आजी बीटीआर-६० (१९६० च्या आसपासची), आई बीटीआर-७०, आणि ही १९८० च्या दशकातली. वजन साधारण १३.६ टन, लांबी ७.६५ मीटर, रुंदी २.९ मीटर. २६० अश्वशक्तीचं एकच डिझेल इंजिन (आधीच्या दोघींत पेट्रोलची दोन-दोन इंजिनं होती आणि ती सांभाळता सांभाळता मेकॅनिक मंडळी मेटाकुटीला यायची). रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर, पाण्यात ९. चालवणारे तीन आणि आत बसणारे सात. वर १४.५ मिलिमीटरची मशीनगन. चाकांमधली हवा चालकाला बसल्या जागेवरून कमी-जास्त करता येते, म्हणजे चिखलात हवा सोडा, डांबरावर भरा.

आधी कौतुक करते, कारण पुढे टीकाच आहे. गाडी साधी आहे, दणकट आहे, दुरुस्तीला सोपी आहे. एखादं चाक उडालं तरी उरलेल्यांवर ती चालते. पट्ट्यांच्या गाडीपेक्षा चाकांची गाडी रस्त्यावर वेगवान, आवाजाला कमी आणि चालवायला स्वस्त. पाण्यात उतरायला वेगळी तयारी फारशी लागत नाही: समोरची फळी उभी करायची, आत आलेलं पाणी बाहेर फेकणारे पंप चालू करायचे, मागच्या झडपा उघडून पाण्याचा झोत मागे फेकायचा. एवढं झालं की गाडी निघाली.

माहितीपत्रकात हे सगळं एका शब्दात येतं: 'उभयचर'. माझी तक्रार त्या शब्दाबद्दल आहे. तो हो-नाहीचा शब्द आहे. एका रकान्यात बरोबरची खूण केली की काम झालं. प्रत्यक्षात त्या खुणेमागे किमान चार वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात.

प्रश्न पहिला: तरंगते, पण कशाच्या बदल्यात?

१३.६ टनांची वस्तू तरंगायची तर तिने १३.६ घनमीटर गोडं पाणी बाजूला सारायला हवं. गाडी म्हणजे ७.६५ बाय २.९ मीटरची साधी पेटी आहे असं धरलं, तर तिचा तळ सुमारे २२ चौरस मीटर होतो. १३.६ ला २२ ने भागा, ०.६ मीटर येतात. म्हणजे पेटी साधारण दोन फूट पाण्यात बुडते आणि मग तरंगते. खरी गाडी खाली निमुळती असते, त्यामुळे ती याहून जास्त बुडते, पण अंदाज यायला एवढं पुरे.

आता याच हिशोबाची दुसरी बाजू बघा. २२ चौरस मीटरच्या पेटीवर एक टन वजन वाढवलं की ती साडेचार सेंटीमीटर आणखी खाली जाते. या गाडीचं चिलखत बहुतेक ठिकाणी सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याहून पातळ आहे. रायफलची गोळी अडते, जड मशीनगन बाजूने लागली तर अडेलच असं नाही. मग चिलखत आणखी एक सेंटीमीटर जाड केलं तर? एक चौरस मीटर पोलादाचा एक सेंटीमीटर जाड पत्रा ७८ किलोंचा होतो. खाली-वर, आजूबाजूला मिळून ढोबळ ८० चौरस मीटर धरा. झाले सव्वासहा टन. गाडी जवळजवळ दीडपट जड झाली आणि निदान २८ सेंटीमीटर आणखी खाली गेली. आधी काठ पाण्याच्या जेमतेम वर होते, आता लहानशी लाटही आत येणार.

थोडक्यात, तरंगायची क्षमता फुकट मिळत नाही. ती चिलखतातून वजा होते. आणि ती वजाबाकी गाडी पाण्यात असतानाच नाही, आयुष्यभर चालू असते. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांचे फोटो पाहिलेत तर बरेच जण गाडीच्या आत नाहीत, टपावर बसलेले दिसतील. त्यांचा हिशोब सरळ होता: खाली सुरुंग फुटला तर आत बसलेला जातो, वर बसलेला फेकला जातो पण वाचू शकतो. ज्या चिलखतात बसायला सैनिकच तयार नाही, त्या चिलखताची दुसरी कुठली परीक्षा घ्यायची?

दरवाजाचंही तेच. इंजिन मागे आणि पाणी फेकणारी यंत्रणाही मागे, म्हणून सैनिकांना मागून उतरायची वाट उरत नाही. बीटीआर-६० मधून मुख्यतः वरच्या झाकणांतून बाहेर पडावं लागायचं, म्हणजे समोरच्याच्या नेमाच्या अगदी उंचीवर. ७० मध्ये चाकांच्या मधे छोटंसं दार आलं. ८० मध्ये ते मोठं झालं, दोन भागांचं, खालचा भाग पायरीसारखा उघडतो. सुधारणा आहेच. पण तीन पिढ्यांनंतरही उतरणारा माणूस गाडीच्या कुशीतून बाहेर पडतो, तिच्या पाठीआडून नाही.

प्रश्न दुसरा: पाण्यात ९ च का?

मावसभावाचा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय: "मोठं इंजिन टाकायचं ना मग!"

इथे माझं संशोधन येतं. पाण्यावरून सरकणारी प्रत्येक वस्तू स्वतःची लाट तयार करते. वेग वाढला की त्या लाटेची लांबी वाढते. एक वेळ अशी येते की लाट वस्तूइतकीच लांब होते, नाक एका शिखरावर आणि शेपूट दुसऱ्यावर. त्यापुढे जायचं म्हणजे स्वतःच उभ्या केलेल्या पाण्याच्या चढावर चढायचं. ७.६५ मीटर लांबीला हा वेग येतो ताशी साधारण साडेबारा किलोमीटर. गाडी ९ वर आहे, म्हणजे या भिंतीच्या अलीकडेच. त्यात तिचं नाक बोथट, खाली आठ चाकं लटकलेली. होडी पाणी कापते, ही गाडी पाणी ढकलते.

ताकद किती लागते? लाटेची भिंत बाजूला ठेवली तरी ती वेगाच्या घनानुसार वाढते. वेग दुप्पट, ताकद आठपट. अमेरिकेच्या मरीन कोअरने ही भिंत ओलांडायचा प्रयत्न केला होता. त्यांची ईएफव्ही नावाची (पट्ट्यांची) गाडी पाण्यावर उचलली जाऊन ताशी ४० किलोमीटरच्या वर जाणार होती. त्यासाठी पाण्यात सुमारे २७०० अश्वशक्ती लागत होती. अब्जावधी डॉलर खर्चून २०११ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला. नंतर त्यांनी घेतलेली एसीव्ही ही आठ चाकांची गाडी पुन्हा मुकाट ताशी ११ किलोमीटरच्या आसपास पोहते, ६९० अश्वशक्ती असूनही. पैसा कितीही ओता, लाट ऐकत नाही.

प्रश्न तिसरा: नदी वाहते, त्याचं काय?

ताशी ९ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २.५ मीटर. नदीचा प्रवाह सेकंदाला १.५ मीटर धरू. पावसाळ्यातल्या आपल्या कुठल्याही नदीला हे काही जास्त नाही. पात्र २०० मीटर रुंद. गाडी समोरच्या काठाकडे तोंड करून निघाली तर ८० सेकंदांत पोचेल, पण तोवर प्रवाहाने तिला १२० मीटर खाली नेलेलं असेल. बरोबर समोरच पोचायचं असेल तर ३७ अंश तिरकं, प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून चालावं लागेल. मग पार जायला उरतात सेकंदाला २ मीटर आणि वेळ लागतो १०० सेकंद. (तीन-चार-पाचचा त्रिकोण, शाळेतलाच.) प्रवाह २.५ च्या पुढे गेला की समोर पोचणं गणितानेच अशक्य.

आणि पोचल्यावर? व्हिडिओत काठ नेहमी उतरता, टणक आणि आधी पाहून ठेवलेला असतो. खऱ्या नदीचा काठ म्हणजे गाळ, बाभळी आणि उभी दरड. चाकं तळाला टेकतात तेव्हा गाडीचं बरंचसं वजन अजून पाण्यानेच उचललेलं असतं, त्यामुळे चाकांची पकड तुटपुंजी असते. प्रवाहाचा बाजूचा रेटा मात्र पूर्ण असतो. नदी ओलांडताना सर्वांत अवघड जागा मधली धार नसते, शेवटचे दहा मीटर असतात. माहितीपत्रकात पाण्यातला वेग असतो. पाण्यातून बाहेर पडायची क्षमता, म्हणजे किती चढ, कसला गाळ, किती प्रवाह, हे कुठेच ठळक नसतं.

प्रश्न चौथा: पाणी आत आलं तर?

हा माझ्या मते सगळ्यांत गंभीर प्रश्न आहे.

लॅबमध्ये मी या गाडीची एकास वीस प्रमाणातली एक साधी पेटी केली. लांबी ३८ सेंटीमीटर, रुंदी साडेचौदा. वजन विसाच्या घनाने, म्हणजे ८००० ने कमी होतं, त्यामुळे १३.६ टनांचे झाले १.७ किलो. पेटी पाण्यात सोडली, बोटाने बाजूला दाबली, की ती चटकन सरळ व्हायची. मग आत एक पेलाभर पाणी ओतलं. पुन्हा दाबली. आता ती आळसावल्यासारखी, सावकाश परत आली, आणि मधे क्षणभर थांबली. गाईड मागे उभे होते. म्हणाले, "घरी परातीत पाणी घेऊन कधी चालली आहेस का?"

तीच गोष्ट आहे. परात जराशी कलली की सगळं पाणी त्या बाजूला धावतं आणि ती आणखी कलते. गाडी कलली की आतलं पाणीही खालच्या बाजूला जाऊन तिला आणखी कलतं करतं. खरी मेख पुढे आहे: हा परिणाम पाणी किती खोल आहे यावर जवळजवळ नसतोच, ते किती रुंद पसरलंय यावर असतो. घोट्याएवढं पाणी आणि गुडघ्याएवढं पाणी, स्थैर्याचं नुकसान बरंचसं सारखंच. पाच मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद जागेत घोटाभर पाणी शिरलं तर वजन दीड टनाच्या वर वाढतं, गाडी सात-आठ सेंटीमीटर खाली बसते, आणि सरळ होण्याची ताकद त्याच क्षणी बरीच घटलेली असते. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

३० जुलै २०२० ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, सॅन क्लेमेंट बेटापाशी, मरीन कोअरची एक जुनी उभयचर गाडी (पट्ट्यांची, एएव्ही) सरावात बुडाली. आत सोळा जण होते, नऊ जण गेले. सगळ्यांत अंगावर येते ती चौकशीत समोर आलेली हकिकत. गाडीची अवस्था खराब होती, पाणी हळूहळू शिरत होतं, घोट्यापर्यंत आलं की सैनिकांना बाहेर काढायचं हे ठरलेलं होतं, आणि तरी तो आदेश वेळेत दिला गेला नाही. पाण्याखालून बाहेर पडायचं प्रशिक्षणही सगळ्यांचं पूर्ण झालेलं नव्हतं. त्या दिवशीसुद्धा माहितीपत्रकाप्रमाणे गाडी 'उभयचर'च होती.

नव्या एसीव्हीलाही उथळ किनाऱ्यावरच्या फुटणाऱ्या लाटांनी धडा दिला. जुलै २०२२ मध्ये कॅम्प पेंडलटनला एक गाडी लाटांत आडवी झाली, दुसरी बंद पडली. सुदैवाने कुणी दगावलं नाही, पण लाटांमधलं काम काही काळ थांबवावं लागलं.

मग लढाईत काय होतं?

आपलंच उदाहरण घेऊ. डिसेंबर १९७१ मध्ये आपलं सैन्य मेघनेपाशी पोचलं. पूल उद्ध्वस्त झाला होता. आपल्याकडे पीटी-७६ हे तरंगणारे रणगाडे होते. पण मेघना म्हणजे नदी कमी आणि समुद्र जास्त. रणगाडे मधेच तापायला लागले आणि काहींना स्थानिक होड्यांनी ओढत न्यावं लागलं. फौज मुख्यतः पार झाली ती हेलिकॉप्टरांनी आणि गावकऱ्यांच्या नावांनी. तरंगण्याची क्षमता खोटी नव्हती. तिचा माप घेतलेला पाट मात्र वेगळ्या नदीचा होता.

मे २०२२ मध्ये युक्रेनमधल्या बिलोहोरिव्हकापाशी रशियन फौज सिव्हरस्की डोनेत्स नदी ओलांडत होती. त्यांच्याकडच्या कितीतरी गाड्या कागदावर उभयचर. तरीही त्यांनी तरंगते पूल टाकले, कारण रणगाडे, इंधनाचे ट्रक आणि तोफगोळे पोहत नाहीत. पूल तोफखान्याने उडवले आणि दोन्ही काठांवर डझनावारी गाड्या जळाल्या. दहा गाड्या पोहून पार गेल्या तरी त्यांच्यामागून डिझेल आलं नाही, तर पलीकडे त्या किती तास टिकणार?

विरुद्ध बाजू

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. हे सगळं खरं असेल तर पोहणं सोडून द्यावं का? बऱ्याच सैन्यांनी सोडलंच. अमेरिकेची स्ट्रायकर पोहत नाही, जर्मनी-नेदरलँड्सची बॉक्सर पोहत नाही. पोलंडची रोसोमाक मुळात पोहणारी, पण अफगाणिस्तानात पाठवताना जादा चिलखत चढवलं आणि पोहणं गेलं. त्या निर्णयात मला काही गैर वाटत नाही. तिथे नदीपेक्षा सुरुंगाची भीती मोठी होती.

पण सोव्हिएत अभियंतेही वेडे नव्हते. युरोपच्या मैदानात थोड्या थोड्या अंतरावर कालवा किंवा छोटी नदी लागते. तिथे प्रत्येक वेळी पुलाची वाट बघत थांबणं म्हणजे तोफखान्याला आमंत्रण. साठ-सत्तर मीटरचं संथ पाणी अर्ध्या मिनिटात पार करणारी गाडी तिथे सोनं आहे. पंजाबातल्या कालव्यांनाही तेच लागू. म्हणून माझी टीका पोहण्यावर नाही. 'पोहते' एवढंच सांगून थांबण्यावर आहे.

हे आपल्याकडे आत्ताच बोलायला हवं, कारण आपली स्वतःची आठचाकी आली आहे. अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने टाटांबरोबर केलेली व्हॅप. २०१४ च्या डिफेन्स एक्स्पोमध्ये ती 'केस्ट्रेल' म्हणून पहिल्यांदा दिसली. तिच्यावर आधारलेली, पायदळासाठीची सुरक्षित गाडी एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात सैन्याच्या हवाली झाली, आणि मोरोक्कोनेही तिची मागणी नोंदवली. इंजिन पुढे, सैनिकांना उतरायला मागे दार, सुरुंगाचा विचार आधीपासून. बीटीआरच्या दोन मोठ्या चुका इथे नाहीत, याचा मला नगरकर आजोळ म्हणून अभिमान आहे. पण पोहणं आणि सुरुंगापासून बचाव, दोन्ही एकाच गाडीत हवं म्हटलं की वरची वजाबाकी पुन्हा सुरू होते. आज तरंगणारी गाडी उद्या जादा पत्रे, जाळ्या, नवी तोफ लागल्यावरही तरंगते का, हे प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजायला हवं.

म्हणून माहितीपत्रकातल्या त्या एका खुणेच्या जागी मला चार ओळी हव्यात. पूर्ण लढाऊ वजनावर काठ पाण्याच्या किती वर राहतो? किती प्रवाहात, किती चढाच्या आणि कसल्या गाळाच्या काठावर ती बाहेर पडते? पंप बंद पडले तर किती मिनिटं मिळतात? आणि आतल्या शेवटच्या माणसाला बाहेर पडायला किती सेकंद लागतात? यातला तिसरा आकडा चौथ्यापेक्षा बराच मोठा असायला हवा. इतकं सोपं आहे ते.

काल मावसभावाला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे ताई, आत बसल्यावर आधी काय बघायचं?"

मी म्हटलं, "आधी दार. ते अंधारात, हाताने चाचपून उघडता येतंय का ते बघ. आणि पाणी घोट्याला लागलं की कुणाची वाट न बघता मोठ्याने ओरडून सांग."

"बरं," म्हणाला. "आणि पोहायला?"

तो विहिरीवर शिकलेला आहे, पण अंगावर कपडे, बूट आणि पाठीवर ओझं घेऊन कधी पोहलेला नाही. या सुट्टीत गावी गेले की आधी तेच करायचं ठरलंय.